हिरूसरांच्या दोन टोपल्या

हिरूसरांच्या शोकसभेत मी वीस मिनिटं बोललो. लोक हसले, दोघातिघांनी डोळे पुसले, आणि चहाच्या वेळी कॉलेजचे हल्लीचे क्रीडाशिक्षक मला म्हणाले, "काय सुंदर आठवणी सांगितल्यात हो! लिहून काढा." मी सांगितलं ते सगळं खरं होतं. एकच गोष्ट गाळली होती, आणि ती गाळल्यावर बाकीच्या सांगण्याला काही अर्थ उरत नाही, हे बोलतानाच मला कळत होतं. म्हणून लिहायला घेतलंय. सुंदर वगैरे काही नाही त्यात.

मी काकड्या. डहाणू आगारात कंडक्टर आहे. तीस वर्षं तिकिटं फाडली, सुट्ट्यावरून भांडलो, त्यामुळे माझ्या तोंडाला फारसा गोडवा उरलेला नाही. जे वाचतील त्यांनी तो शोधू नये.

हिरू करमोडा हे रानशेतचे. तरुणपणी मुंबईला एका क्लबच्या मैदानावर कामाला होते. रोलर ओढायचा, गवत कापायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या. साहेब लोक आत फुटबॉल खेळायचे आणि हा माणूस रेघेबाहेर उकिडवा बसून बघायचा. अशी सहा वर्षं बघितली. वडील वारले तेव्हा गावी परत आले आणि आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई म्हणून लागले. परीक्षानळ्या धुवायच्या, बेडूक पकडून आणायचे, तासाची घंटा द्यायची.

कॉलेजला क्रीडाशिक्षक होते. माणूस वाईट नव्हता. पण मैदानावर ऊन असतं आणि स्टाफरूममध्ये पंखा असतो, त्याला ते तरी काय करणार? एक दिवस त्यांनी बॉल आणि शिट्टी हिरूच्या हातात दिली आणि सांगितलं, "जरा बघ रे पोरांकडे." मग ते बघणं अकरा वर्षं चाललं. कागदावर सही क्रीडाशिक्षकांची, फोटोत मधली खुर्चीही त्यांचीच. आम्ही मात्र हिरूंनाच सर म्हणायचो. एकदा प्राचार्यांनी ऐकलं आणि आम्हाला आत बोलावून झापलं, "शिपायाला सर म्हणता? मग मला काय म्हणाल?" त्याचं उत्तर आमच्याकडे होतं, पण वसतिगृहातून हाकलून दिलं असतं.

आम्ही बहुतेक वसतिगृहातली पोरं. कोणी तलासरीकडचा, कोणी कासा-सायवनकडचा. घरी भाताची नाही तर नागलीची शेती, आणि फुटबॉल कॉलेजात येईपर्यंत बघितलेला नाही. सरांची शिकवायची तऱ्हा वेगळीच. पावसाळ्यात मैदानाचं तळं व्हायचं, मग ते आम्हाला भाताच्या बांधावर न्यायचे. बांधावरून बॉल पायाने ढकलत पळायचं. बॉल खाचरात पडला तर ज्याचा पडला त्यानं त्या खाचरातलं तण काढून द्यायचं, खाचर कोणाचंही असो. शेतकरी बांधावर विडी ओढत बसायचे आणि आमचा बॉल पडण्याची वाट बघायचे. एका म्हाताऱ्याने तर खोकल्याचं निमित्त करून माझा बॉल पाडला होता.

सर ओरडायचे नाहीत. खाकी सदरा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, गळ्यात सुतळीला बांधलेली शिट्टी. ती वाजवायचेही कमी. "सावकाश, पोऱ्या, सावकाश," एवढंच म्हणायचे, आणि तेही आम्ही जिवाच्या आकांताने पळत असताना.

गोलकीपर आम्ही दोघं होतो. मी आणि रघ्या. कॅप्टन मी होतो, कारण मला बोलता यायचं, पंचांशी भांडता यायचं. रघ्याला दोन्ही जमत नव्हतं. तो तलासरीजवळच्या एका पाड्यावरचा, माझ्याहून बोटभर बुटका, आणि इतका गप्प की हजेरीला मास्तर त्याला आठवड्यातून दोनदा गैरहजर मांडून मोकळे व्हायचे. पण त्याचे हात! माझ्या हातात बॉल आला की थाड आवाज व्हायचा. त्याच्या हातात आला की आवाजच नाही. बॉल जणू आधीपासून तिथेच होता.

आम्हा दोघांसाठी सरांनी चिकूंची परीक्षा काढली होती. घोलवडच्या एका वाडीत त्यांची ओळख होती. विकायला न चालणारा बारीक माल मालक फुकट द्यायचा, "लई जाव, हिरूभाई, लई जाव" असं त्याच्या गुजरातीत म्हणायचा. मॅच रविवारी असली की त्याआधीच्या सोमवारी सर आम्हाला समोर उभं करायचे आणि वीस पावलांवरून ते कच्चे, दगडासारखे चिकू जोरात फेकायचे. प्रत्येकाला वीस. धरायचे आणि खाली पडू द्यायचे नाहीत, एवढं तर कोणीही करेल. सरांना ते कसे धरले हे बघायचं असायचं. धरलेले चिकू दोन टोपल्यांत भाताच्या पेंढ्यात पिकत घालायचे. माझ्या टोपलीला लाल दोरा, रघ्याच्या टोपलीला पांढरा. टोपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात. शनिवारी सकाळी सर एकेक चिकू ब्लेडने कापून वर्तमानपत्रावर मांडायचे. ज्यानं हात कडक ठेवून धरला असेल त्याच्या चिकूला आतून डाग. ज्याच्या टोपलीत डाग कमी तो रविवारी खेळणार.

"आंब्याला मार लागला तं लगेच दिसतंय," सर सांगायचे. "चिकू लपवतंय. पाच दिस लपवतंय, मंग सांगतंय. पण सांगतंय खरं."

त्या कपाटाची किल्ली कॅप्टनकडे असायची. म्हणजे माझ्याकडे. ती माझ्याकडे का, असं कोणी विचारलं नाही. सरांच्या डोक्यात तो प्रश्नच नव्हता. आमच्याकडे दुसऱ्याने पिकत घातलेल्या फळाला कोणी हात लावत नाही. घराला दार नसलं तरी लावत नाही. ज्याच्या घरात हे आईच्या दुधाबरोबर आलंय, तो कुलूप लावतो ते उंदरांसाठी.

सत्याऐंशीच्या जानेवारीत आम्ही पहिल्यांदा विभागाच्या फायनलला पोचलो. मॅच वसईला होती, आणि विद्यापीठाच्या संघासाठी पोरं निवडायला माणसं येणार होती. त्याआधीच्या रविवारी मी एका वाडीत चिकू तोडायला गेलो होतो. फांदी निसटली आणि माझा उजवा अंगठा बेचक्यात अडकून मुरगळला. संध्याकाळपर्यंत टरारून सुजला. मी कोणाला सांगितलं नाही. सोमवारी वीस चिकू धरले. प्रत्येक चिकूला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण धरले.

शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेत कोणी नसताना मी कपाट उघडलं. माझ्या टोपलीतले चिकू चाचपले. बोट लावीन तिथे मऊ. सात-आठ तरी कामातून गेले होते. रघ्याचे सगळे एकसारखे, घट्ट, नुकते कुठे पिकू लागलेले. मी बराच वेळ दोन्ही टोपल्या समोर ठेवून बसलो. कॅप्टन बाकावर बसलेला मला दिसत होता आणि विद्यापीठाच्या माणसांसमोर रघ्या खेळताना दिसत होता. मग मी लाल दोरा सोडला आणि त्याच्या टोपलीला बांधला. पांढरा माझ्या टोपलीला. दोन गाठी. अर्धं मिनिटही लागलं नाही.

शनिवारी सरांनी चिकू कापले. पांढऱ्या दोऱ्याच्या टोपलीतला पहिला, दुसरा, चौथा. डाग, डाग, डाग. सर थांबले. "रघ्या, काय झालं रं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, काळजीनं. रघ्याने स्वतःचे दोन्ही तळवे वर करून बघितले, उलटे करून बघितले, पुन्हा सरळ केले. ते बघणं मी आजतागायत विसरलेलो नाही. त्या क्षणी बोललो असतो तर पोरांनी मला दोन दिल्या असत्या आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला सांगितलं. मूठ झाकून ठेवली.

फायनल मी खेळलो. शेवटची दहा मिनिटं उरेपर्यंत शून्य-शून्य होतं. मग एक साधा बॉल आला, छातीच्या उंचीवर, सरळ. माझ्या अंगठ्यानं दगा दिला. बॉल हातातून सुटला, गुडघ्याला लागला आणि रेघेच्या आत गेला. एवढंच. एक-शून्य.

परत येताना गाडीत सर खिडकीशी बसले होते आणि मध्येच स्वतःशी म्हणाले, "तसला बॉल रघ्या डोळे मिटून धरता." सोमवारी मी प्रयोगशाळेत गेलो तर दोन्ही टोपल्या मोडून केराच्या डब्यात टाकलेल्या होत्या. सरांचा मेळ असा लागला होता: बॉल काकड्याच्या हातून सुटला, म्हणजे काकड्याचे हात कडक, म्हणजे चिकूनं खोटं सांगितलं, म्हणजे आपण एका फळाचं ऐकलं आणि डोळ्यांना दिसत होतं ते मानलं नाही. पोराच्या हातावर अविश्वास दाखवला. चूक आपली. हा सगळा मेळ बरोबर होता, फक्त त्यात मी नव्हतो.

रघ्याने परीक्षा दिली नाही. फेब्रुवारीतच कॉलेज सोडलं आणि घोलवडला चिकूच्या वखारीत खोके उचलायला लागला. सर तीनदा त्याच्या पाड्यावर गेले. तिन्ही वेळा तो मागच्या रानात जाऊन बसला आणि घरच्यांनी तो आता इथं राहत नाही म्हणून सांगितलं. जूनमध्ये सरांनी बॉल क्रीडाशिक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि सांगितलं, "मला ह्यातलं काय कळत नाय, साहेब." शिट्टी मात्र त्यांनी परत केली नाही. ती कोणी मागितलीही नाही. पुढची वीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या. मैदानावर क्रिकेट आलं. गोलचे बांबू कोणीतरी मांडवाला नेले.

आणि मला त्या फायनलच्या प्रमाणपत्रावर नोकरी लागली. मुलाखतीत साहेब कागद बघून म्हणाले, "गोलकीपर होता का? मग भरल्या गाडीत तोल जायचा नाही तुमचा." सगळे हसले. मीही हसलो.

दोन हजार चौदामध्ये कॉलेजचा कसलासा महोत्सव झाला. जुने फोटो मांडले होते. आमच्या संघाच्या फोटोखाली सगळ्यांची नावं होती, अगदी टोकाला उभ्या असलेल्या खाकी सदऱ्याचं सोडून. सर आले होते. पांढरा लेंगा-सदरा, हातात काठी. आपलं नाव नाही हे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. फोटोच्या काचेवर एका चेहऱ्याखाली बोट टेकवून त्यांनी मला विचारलं, "हा कुठं असतो रं आता?"

"माहीत नाही, सर," मी म्हणालो.

रघ्या आठवड्यातून चारदा माझ्याच गाडीत चढायचा. घोलवड ते तलासरी. मी तिकीट द्यायचो, तो पैसे द्यायचा, "बरा ना?" "बरा." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, तो मान वर करून बघायला लागला की मी उगाच सुट्टे मोजायला लागायचो. त्याच्या मनात काही नव्हतं. तो स्टॉप आला का ते बघत असायचा.

अठरा सालच्या नोव्हेंबरात आमच्याकडची जमीन हलायला लागली. दिवसातून दोनदा, कधी चारदा. आधी पोटातून गुरगुर, मग धक्का, मग कौलं खडखडायची. तलासरीकडे भिंतींना भेगा गेल्या. लोक अंगणात ताडपत्र्या बांधून राहायला लागले. त्याच सालच्या डिसेंबरात एकदा रानशेतच्या थांब्यावर तुळशीकाकी, सरांची बायको, गाडीला हात दाखवून उभी. चढली नाही, दारातूनच बोलली. "काकड्या, त्यांचा काय खरा नाय आता. अन्न सोडलंय. रघ्याला आण, म्हणतात. एकदा बघायचाय, म्हणतात. तुला ठावं असंल तो कुठं हाय तं."

गाडीत माणसं भरलेली. ड्रायव्हर मागे वळून बघत होता. मी म्हणालो, "आणतो, काकी."

त्या दिवशी घोलवडला रघ्या चढला तेव्हा मी त्याला निरोप दिला. तो एवढंच म्हणाला, "मला? मला कशाला?" आणि पूर्ण वाट खिडकीबाहेर बघत राहिला. रविवारी आम्ही दोघं रानशेतला गेलो. वाटेत सांगायचं मी ठरवलं होतं. आधी म्हटलं चारोटी नाक्यावर सांगू, मग म्हटलं पायवाटेला लागल्यावर सांगू, मग सरांचं घर दिसायला लागलं.

सरांना अंगणात ताडपत्रीखाली खाटेवर ठेवलं होतं. माणूस उरलाच नव्हता, नुसता सदरा होता. पण डोकं ठिकाणावर. रघ्याला त्यांनी लगेच ओळखलं. तुळशीकाकीला म्हणाले, "मला बसव." तिनं पाठीला हात देऊन बसवलं. मग सर पुढे वाकले. आम्हाला वाटलं तोल गेला. रघ्या धरायला सरकला, तर त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले.

"माझं चुकलं, पोऱ्या," सर म्हणाले. "मी तुजं हात बघितलेलं. रोज बघितलेलं. तरी फळाचा ऐकला. माझ्यानं तुजं वाटोळं झालं."

"नाय सर, नाय," रघ्या रडायलाच लागला. "असं काय करता? तुमचं बरोबर होतं. माझंच हात कडक. चिकूनं खरा सांगितला."

"चिकू खोटं बोलला."

"नाय हो! मला ठावं हाय ना. मी तवापासून फळाला हात नाय लावला. वखारीत खोकंच उचलतो, माल निवडायला बसत नाय. घरात पोरं झाली तरी कवा हातात नाय घेतली. माझी बायको नवशी म्हणायची, घ्या जरा. मी म्हणायचो, नको, माझं हात असलं. डाग पडंल."

ते दोघं असे बोलत होते. एक म्हणत होता मी चुकलो, दुसरा म्हणत होता नाही, मीच तसा. दोघंही आपापल्या परीनं दुसऱ्याला धीर देत होते आणि दोघंही खोटं बोलत होते, न कळता. खरं काय ते ठाऊक असलेला माणूस खाटेपासून दोन हातांवर उभा होता. एक वाक्य. "दोरे मी बदलले." तीन शब्द. बारा वाड्यांच्या माणसांवर ओरडणारा माझा गळा, त्यातून तीन शब्द निघाले नाहीत. मी उभ्या उभ्या स्वतःला सांगत होतो की सर आजारी आहेत, हा धक्का त्यांना सोसायचा नाही. धक्का कसला? ते सुटले असते. चिकू खरं बोलले होते आणि रघ्याचे हात सरांनी बघितले तसेच होते, हे दोन्ही त्यांना मिळालं असतं. मी भ्यालो होतो, बस्. बावन्न वर्षांचा बाप्या, पोरं कमावती झालेली, आणि एका मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या नजरेला भ्यालो.

निघताना सरांनी माझा हात धरला. "तू आणलास त्याला. तुजं लय उपकार," म्हणाले. मी हात सोडवून घेतला.

सर जानेवारीत गेले. एकोणीस सालच्या. चार दिवसांनी जुन्या खेळाडूंनी सभागृह घेऊन ती शोकसभा केली, बॅनरवर "महान फुटबॉल प्रशिक्षक" असं छापलं. वरातीमागून घोडं. मी चिकूंची गोष्ट रंगवून सांगितली आणि शनिवारच्या सकाळपाशी आणून सोडून दिली. रघ्या शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या.

सभेनंतर तुळशीकाकीनं माझ्या हातात ती शिट्टी दिली. सुतळी नवी होती. "ही रघ्याला दे," म्हणाली, "त्यांनी सांगून ठेवलंय. मी म्हातारी कुठं जाऊ तलासरीला." रघ्या तोवर निघून गेला होता. शिट्टी आठ दिवस माझ्या तिकिटाच्या पेटीत होती. सुट्टे काढताना हाताला लागायची.

फेब्रुवारीतल्या रविवारी मी रघ्याच्या पाड्यावर गेलो. दुपारची वेळ. अंगणात ताडपत्री, तिच्याखाली खाट, आणि ओट्याच्या लाकडी मेढीला बांधलेली झोळी. त्याची मुलगी निलम बाळंतपणाला आली होती. ती आत भात रांधत होती. झोळीत तिचं दोन महिन्यांचं पोर. रघ्या झोळीपाशीच बसला होता आणि झोळीच्या दोरीला पाय लावून हलवत होता. हात काखेत. नवशी, त्याची बायको, अंगणाच्या कडेला कोयत्यानं जळणाची फाटी फोडत होती. "या भाऊ," म्हणाली.

मी खाटेवर बसून शिट्टी काढायला खिशात हात घातला, तोच गुरगुर आली. नेहमीपेक्षा मोठी. मग धक्का बसला तो असा की खाट जागची सरकली. ओट्यावरची कौलं एकावर एक आपटायला लागली, एक घसरून झोळीच्या पलीकडे फुटलं. निलम आतून किंचाळत बाहेर आली. रघ्या झोळीपासून हातभर अंतरावर होता. तो उठला. त्याचे दोन्ही हात झोळीकडे गेले, अगदी पोरापर्यंत गेले, आणि तिथून त्याने ते ओढून परत काखेत घातले.

"नवशे!" तो ओरडला. "पोर घे! नवशे, पोर घे!"

नवशी वीस पावलांवर होती. मी झेप घेतली आणि पोर झोळीतून उचलून अंगणात आणलं. माझ्यामागे आणखी दोन कौलं पडली. मग जमीन थांबली. कुत्री भुंकत होती, पोर माझ्या हातात टाहो फोडत होतं, आणि रघ्या ओट्यावर तसाच उभा होता. हात काखेत, तोंड पांढरंफटक. डाग पाच दिवसांनी दिसतो म्हणायचे सर. इथे बत्तीस वर्षं लागली.

"ते चिकू माझे होते," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. "कोणचं?"

"फायनलच्या आधीचे. माझा अंगठा सुजला होता. डागाचे सगळे माझे होते. शुक्रवारी मी दोरे बदलले. चांगले चिकू तुझे होते, रघ्या. सगळे वीसच्या वीस."

नवशीच्या हातात कोयता तसाच होता. निलम पोराकडे हात करून पुढे आली, पण बापाचा चेहरा बघून थांबली. रघ्या ओट्यावरून खाली उतरला. त्याने तळवे वर केले आणि बघितले, तेव्हा बघितले होते तसेच. मग माझ्याकडे बघितलं.

"सरांना सांगितलास?"

"नाही."

"ते माझ्या पाया पडलं, काकड्या. तू तिथं उभा होतास."

"होतो."

त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. मी वाटही बघत होतो. त्यानं मारलं नाही, शिवी दिली नाही. हात पुढे केले.

"पोर दे."

मी दिलं. त्यानं घेतलं, आणि काहीच आवाज झाला नाही. पोराचं डोकं त्याच्या तळव्यात बसलं, बाकीचं अंग मनगटावर. जन्मात पहिल्यांदा लेकरू हातात घेणारा माणूस असं घेत नाही. पोर दोनदा हुंदकलं आणि गप्प झालं. नवशी कोयता टाकून मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. तिची तीन लेकरं त्या हातांवाचून मोठी झाली होती.

"जा आता," रघ्या म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी शिट्टी खाटेवर ठेवली आणि निघालो. रस्त्याला लागेपर्यंत मागे वळून बघितलं नाही. सरांना मात्र सांगायचं ते राहिलंच. ते आपल्या डोळ्यांना आणि आपल्या चिकूंना, दोघांनाही दोष देत गेले, आणि माझे उपकार मानत गेले. हे आता कुठल्या सभेत सांगून भरून येणार?

रघ्या हल्ली माझ्या गाडीत चढत नाही. घोलवडच्या थांब्यावर गाडी लागली की मला बघून मान फिरवतो आणि मागच्या गाडीची वाट बघत उभा राहतो. परवा त्याच्या कडेवर नातू होता. माणसं चढली, उतरली. मी दार धरून थोडं जास्तच थांबलो. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. मग मी डबल बेल दिली.